पोटावरची पिशवी आणि बिरोबाची पूजा

मी, बिरू लिंबाजी गडदे, वय एकोणपन्नास वर्षे, धंदा मेंढरे व कोरडवाहू शेती, राहणार वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही व मला कुणी शब्द सांगितलेले नाहीत. नशापाणी मी कधी केले नाही. दहावीपर्यंत शिकलो आहे, लिहितो ते मला कळते. अशा कागदात कारण द्यायची पद्धत आहे की नाही ते मला ठाऊक नाही. मी देतो, कारण ते दिल्याशिवाय पुढची कलमे कुणाला उमगणार नाहीत.

गेल्या चैत्रात एके सकाळी मी रोजच्यासारखा मेंढरे सोडण्याआधी वाड्यात फिरलो. हे मी तीस वर्षे करत आलो आहे. बसलेले मेंढरू उठवायचे आणि त्याच्याखालची लेंडी बघायची. लेंडी सुटी, काळी आणि चकचकीत असली की मेंढरू चांगले. चिकट असली, तिला शेंब असली, लाल दोरा असला की त्या मेंढराला बाजूला बांधायचे. त्या दिवशी एका तरण्या मेंढीची लेंडी मला बरी वाटली नाही. मी ती बोटांत चुरून बघितली, वास घेतला, आणि मेंढीला वेगळे बांधून डाळिंबाच्या सालीचा काढा पाजला. मग ओढ्याच्या कडेला परसाकडला गेलो. उठताना खाली बघितले तर काळपट रक्त होते आणि त्यात शेंब होती. मी पायाने त्यावर माती लोटली. मातीवर एक दगड ठेवला. परत आलो आणि मेंढरे सोडली.

त्यानंतर सात महिने मी माती लोटत राहिलो. मूळव्याध असेल म्हणून सुरण खाल्ला, तिखट सोडले, बाजारातल्या एका जडीबुटीवाल्याची पूड ताकातून घेतली. धोतराची गाठ पोटावर सैल पडू लागली तेव्हा ती घट्ट बांधली. शेवटी सिद्धोधन वाव्हळे याने मला धरले. हा शाळेत माझ्या बाकावर बसायचा, आता ग्रामपंचायतीत कारकून आहे. कशाच्या तरी सहीसाठी मी गेलो तर त्याने सहीऐवजी माझ्या वाळलेल्या हाताकडे बघितले आणि दुसऱ्या दिवशी मला मोटारसायकलवर बसवून परभणीला नेले, तिथून संभाजीनगरला. तिथे त्यांनी आतून कॅमेऱ्याने बघितले, तुकडा काढला, आणि बारा दिवसांनी सांगितले की मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटाला कर्करोगाची गाठ आहे. अजून बाहेर पसरलेली दिसत नाही. ऑपरेशन केले तर बरे होण्याची चांगली आशा आहे. नाही केले तर एक वर्ष, फार तर दीड. गाठ फार खाली असल्यामुळे शौचाची मूळ वाट बंद करावी लागेल, आतड्याचे तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावावी लागेल, आणि ती जन्मभर राहील. सरकारी योजनेत नाव बसले आहे. खाट रिकामी झाली की फोन येईल.

हा कागद मी जानेवारीच्या तीन तारखेला लिहायला घेतला तेव्हा माझ्या मनाने ठरवले होते की ऑपरेशनला जायचे नाही. हे मी लपवत नाही.

कलम पहिले. घर. वालूर गावठाणातले माझ्या हिश्शाचे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर व पुढचे अंगण माझी पत्नी शालूबाई हिला देतो. भिंती तिनेच सारवलेल्या आहेत व पत्रे बसवताना खालून तिनेच धरले होते. तिला या घरातून कुणी बाहेर काढू नये. माझ्या भावाने नाही, आणि माझी मुलगी साधना हिच्या सासरच्यांनीही नाही, जे अजून ठरायचे आहेत.

कलम दुसरे. शेत. वडिलोपार्जित शेतातील माझ्या वाटणीचे एक एकर तीस गुंठे शालूबाईने हयातभर कसावे व तिच्या पश्चात ते मुलगी साधना हिचे व्हावे. पोस्टातील रक्कम साधनाच्या शिक्षणाची आहे, ती दुसऱ्या कशाला वापरू नये. मी गेल्यावर दिवस घालताना गावजेवणाचा कुणी आग्रह धरला तर त्याला हे कलम वाचून दाखवावे. माझी माती शेताच्या बांधावर, बाभळीपासून जरा दूर करावी. बाभळीखाली मेंढरे बसतात, त्यांची जागा जाऊ नये.

कलम तिसरे. मेंढरे त्रेसष्ट व शेळ्या सात. या शालूबाईच्या. तिला झेपले नाही तर तिने त्या मेंढपाळालाच विकाव्या, एकदम विकाव्या. चार चार करून विकल्या की उरलेली मेंढरे दिवसभर मागे वळून बघतात. देवाच्या नावाने सोडलेला जो एडका आहे त्याच्यावर माझा हक्क कधीच नव्हता, म्हणून तो या कागदात येत नाही.

इथपर्यंत लिहून मी आठ दिवस थांबलो. पुढचे कलम देवाचे होते आणि तिथे हात चालेना.

त्या आठ दिवसांबद्दल लिहून ठेवतो. मेंढरे मरताना मी खूप बघितली आहेत. मेंढरू मान टाकते, डोळा उघडा राहतो, आणि बाकीची चरत राहतात. ते बघून मला कधी काही वाटले नव्हते. आता त्या चरत राहण्याची भीती वाटते. दुपारी लिंबाखाली बसलो की मी पोटावर हात ठेवतो आणि गाठ वाढताना काही कळते का ते बघतो. काही कळत नाही, त्याचीही भीती वाटते. फोन वाजला की तळहात गार पडतात. म्हणून मी फोन कडब्याच्या पेंढीत खुपसून मेंढरांमागे जायला लागलो. संध्याकाळी काढून बघितला तर दवाखान्याचे दोन फोन येऊन गेलेले होते. एक सात तारखेचा आणि एक नऊ तारखेचा. मी ते दोन्ही आकडे बघितले आणि फोन पुन्हा पेंढीत ठेवला. त्या वेळी मला बरे वाटले, हेही खरे आहे.

बिरोबाची पूजा माझ्याकडे आहे, त्याचे नाव मी रोज घेतो, पण त्या दिवसांत काही मागितले नाही. मागितले आणि मिळाले नाही तर पूजेला कोणत्या तोंडाने जायचे?

शालूला मी मूळव्याध सांगितली होती. चौदा तारखेला, संक्रांतीच्या दिवशी, ती लोकरीचे पोते हलवायला गेली आणि तिला त्यात ती पिशवी सापडली. दवाखान्यातल्या रोहिणी सिस्टरनी मला ती दिली होती. बेंबीच्या डाव्या अंगाला त्यांनी निळ्या शाईने खूण करून ठेवली होती आणि सांगितले होते, "गडदे दादा, घरी गेल्यावर हिच्यात दोन ग्लास पाणी भरायचं, खुणेवर चिकटवायची आणि दिवसभर आपलं काम करायचं. बसायचं, वाकायचं, मेंढरं हाकायची. धोतर कुठं टोचतंय ते बघायचं. म्हणजे ऑपरेशनच्या आधी जागा बदलता येते." मी ती खिशात घातली, घरी आणली आणि पोत्यात दडवली.

मी वाड्यात एका मेंढीचा वाढलेला खूर कापत होतो. शालू पिशवी दोन बोटांत धरून पुढे उभी राहिली.

"हे काय हाय ओ?"

"दवाखान्यातलं."

"मूळव्याधीला पलास्टिकची पिशवी लागती व्हय?"

मी सगळे सांगितले. सांगताना मेंढीचा पाय सोडला नाही, कारण हाताला काहीतरी धरायला हवे होते. ती ऐकत राहिली. मग तिने माझ्या हातातला चाकू काढून घेतला, मेंढीला सोडून दिले आणि खाली लेंड्यांतच बसली.

"मेंढराची लेंडी बोटात चुरून वास घेता तुमी. आन् सोताचं मातीनं झाकलं? सात म्हैने?"

"भ्यालो."

"आन् आता?"

"आता लयच भ्यालो."

"मंग जायचं ना दवाखान्यात. भ्यालेला माणूस दवाखान्यात जातो, पेंढीत फोन खुपसत न्हाई."

"पिशवी लावून देवाला शिवता येत न्हाई, शालू. पोटावर घाण घेऊन गाभाऱ्यात कसं जाऊ?"

"कुणी सांगितलं शिवता येत न्हाई म्हणून?"

"मीच सांगितलं होतं," मी म्हणालो. "रंगनाथमामाला."

ती उठली, लुगडे झटकले. "मला पांढऱ्या कपाळाची करून कोणत्या देवाची पूजा करणार हाव तुमी?" असे म्हणून ती घरात गेली. तिळगूळ तिने दिला, पण हातावर दिला नाही, ताटलीत ठेवला.

कलम चौथे. बिरोबाच्या पूजेचा मान. हे कलम लांब आहे, कारण यात माझी चूक आहे.

वालूरच्या शिवारातल्या आमच्या बिरोबाची रविवारची पूजा आमच्या घराण्याकडे आहे. आजोबांच्या वेळी देऊळ मातीचे होते. माझ्याकडे मान आला तेव्हा मी मोठमोठी देवस्थाने बघून आलो होतो. तिथली फरशी, तिथले कठडे, तिथली शिस्त मला आवडली. आपला देव मागे राहू नये असे वाटले. नऊ वर्षांपूर्वी मी वर्गणी जमवून गाभाऱ्यात पांढरी फरशी बसवली, पुढे लोखंडी कठडा लावला आणि पाटी रंगवून घेतली की अंगाने शुद्ध नसणाऱ्याने कठड्याच्या आत येऊ नये. असा नियम आमच्या देवाला पूर्वी कधी नव्हता. तो मी आणला. माझा धाकटा भाऊ योगीराज तेव्हाच म्हणाला होता, "दादा, मेंढरांचा देव हाय त्यो. त्याचं बाथरूम कशाला करायलाव?" चारचौघांत म्हणाला, लोक हसले. तेव्हापासून आमचे बोलणे "आला का" आणि "जेवला का" एवढ्यावर आले. टेम्पो चालवून तो आपले पोट भरतो, आणि पूजेच्या दिवशी कठड्याबाहेर उभा राहून जातो.

सात वर्षांपूर्वीच्या जत्रेत माझ्या आईचे भाऊ रंगनाथमामा ढोल घेऊन आले. बिरोबापुढे ढोल त्यांचाच. त्या वर्षी त्यांचे लघवीचे ऑपरेशन झाले होते, ओटीपोटातून नळी काढलेली होती आणि धोतराच्या आत पिशवी होती. मला कुणीतरी ते सांगितले. मी कठड्याशी गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "मामा, बाहेरच बसा. नळी निघाली की या." मामा पायरीवर बसले, ढोल मांडीवर घेतला, वाजवला नाही. नळी चार महिन्यांनी निघाली. मामा पुन्हा आत आले नाहीत, आणि मीही बोलावले नाही. मला वाटायचे मी देवाची बाजू राखली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी मामांकडे गेलो. ते उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. बहात्तर वर्षांचे आहेत, नजर अधू आहे, कान शाबूत आहेत.

"कोण? पुजारीबुवा? वाट चुकलाव का काय?"

"मामा, माफी मागायला आलो."

"कशाची? यादी लय मोठी हाय. कुठून सुरू करतूस?"

मी खाली बसलो आणि गाठीपासून सुरू केले. पिशवीपर्यंत आलो तेव्हा त्यांचा शेंगा सोलणारा हात थांबला.

"कुठं बसती ती?"

मी सदरा वर करून शाईची खूण दाखवली. ती अंघोळीने फिकट झाली होती. मामांनी वाकून, डोळे बारीक करून बघितले. मग आपला सदरा वर केला आणि ओटीपोटावरचा जुना व्रण दाखवला.

"ह्यो माझा. तुझा जरा वर हाय, मानाचा पुजारी म्हणून आसंल."

मला हसू आले आणि त्याच दमात रडू आले. मामांनी मला रडू दिले. सोललेले दाणे मुठीत घेऊन माझ्या हातावर ठेवले, "खा" म्हणाले.

"सात वर्सं मी देवावर रुसलो न्हाई, भाच्या. तुझ्यावर रुसलो. देवाला तर पायरीवरूनच रोज सांगायचो, तुझा आतला शिपाई लय कडक हाय बाबा."

"मामा, देवाला चालंल का?"

"तुझ्या आज्ज्याच्या टायमाला झड लागली की मेंढरं देवळात बसायची. देवाच्या मांडीवर लेंड्या पडायच्या. सकाळी तुझा आज्जा खराट्यानं झाडायचा, भंडारा उधळायचा, झाली पूजा. म्या डोळ्यानं बघितलंय. त्या देवाला तुझी एवढीशी पिशवी दिसती व्हय?"

"भ्या वाटायलंय मला."

"वाटू दे की. मला नळी घालताना म्या डाक्टरच्या हाताला चावलो व्हतो. तरी घातलीच त्यानं."

मी या कागदाचे सांगितले आणि साक्षीला सही कराल का विचारले.

"मला काय ठिवलंस?"

"साक्षीदाराला काही ठेवू न्हाई असं सिद्धोधन म्हणतो."

"मंग बरं हाय. लागत बी न्हाई." त्यांनी माझे दोन्ही हात धरून बघितले. "हात कापायलेत तुझे, पर डोकं ठिकाणावर हाय. करतो सही."

मामांना म्हणूनच मी काही देत नाही. दिले असते तर त्यांची साक्ष गेली असती, आणि मला त्यांची साक्ष हवी आहे.

या चौथ्या कलमाने माझ्या पश्चात, किंवा माझ्या हाताने पूजा होत नसेल त्या काळात, पूजेचा मान मी योगीराज लिंबाजी गडदे याला देतो. लोकर कातरायची वडिलांची कातरही त्यालाच देतो. वडिलांनी ती मला दिली होती, पण कातर त्याचीच चांगली चालायची, मेंढराला ओरखडा येत नसे. हे मी त्याला कधी सांगितले नाही. मानाला अट एकच आहे. देवाला येणाऱ्याच्या अंगाला नळी असो, पिशवी असो, जखम असो की आजार असो, त्याला गाभाऱ्यात येऊ द्यावे. ही अट मोडणाऱ्याचा मान त्याच दिवशी संपला असे समजावे.

हे शालूला वाचून दाखवले. ती भाकरी थापत होती.

"पिशवी चालती, नळी चालती. मंग आमचे चार दिस का चालत न्हाईत?"

मी म्हणालो, याचा विचार मी केला नाही.

"आता करा. बसलाव की."

मी बसलो. तीन भाकरी होईपर्यंत बसलो. नाही म्हणायला मला एकही कारण सापडले नाही जे मी स्वतःसाठी आत्ताच खोडले नव्हते. म्हणून वरील अटीत वाढवतो: कोणत्याही बाईला कोणत्याही दिवशी अडवू नये.

कलम पाचवे. साधनाला, जी परभणीला बी.एस्सी.ला आहे आणि जिला मी काल फोनवर खरे सांगितले, माझी काळी घोंगडी देतो. आणि तिला व योगीराजला एक सूचना करतो, जी डॉक्टरांची आहे. हा आजार रक्ताच्या नात्यात येऊ शकतो. दोघांनी तपासून घ्यावे. कधीही रक्त दिसले तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे. लाजू नये. यात लाजण्यासारखे काय होते ते मला आता आठवतही नाही, पण त्या लाजेत माझे सात महिने गेले.

यानंतर जे झाले ते शुक्रवारपासून आजपर्यंतचे आहे, म्हणून शेवटी लिहितो.

शुक्रवारी दवाखान्याचा तिसरा फोन आला. तो शालूने उचलला. रोहिणी सिस्टर म्हणाल्या, खाट सोमवारी दुपारी बारापर्यंत राखून ठेवते, त्यानंतर पुढच्या माणसाला द्यावी लागेल. शालूने फोन ठेवला, हा निरोप मला सांगितला आणि चुलीकडे गेली.

काल, रविवारी सकाळी अंघोळ केल्यावर मी ती पिशवी घेतली. दोन ग्लास पाणी भरताना अर्धे सांडले. खुणेवर चिकटवली. पाणी थंडगार होते, अंगावर काटा आला. वरून धोतर नेसलो, सदरा घातला आणि देवळाकडे निघालो. चालताना पिशवी डुचमळत होती. वाटेत दोनदा वाटले की गावातल्या सगळ्यांना तो आवाज येत असेल. एकदा मी परतही फिरलो होतो, पण मागून शालू येत होती, म्हणून पुन्हा पुढे फिरलो.

देवळात पंधरावीस माणसे होती. योगीराज कठड्याबाहेर होता. मी सदरा वर केला आणि सांगितले, "ही पिशवी बघून घ्या. आज हिच्यात पाणी हाय. दवाखान्यातून आल्यावर हिच्यात पाणी नसंल, ते असंल. मला आतड्याचा कॅन्सर झालाय. अशी पिशवी घेऊन म्या आज पूजा करायलोय. आन् मामाला म्या ज्या दिवशी बाहेर बसवलं त्या दिवशी म्या चुकलो." आवाज नीट निघाला नाही, मागच्यांना ऐकू गेले नसेल. एकजण "शिव शिव" म्हणून बाहेर गेला. त्याचे नाव लिहीत नाही. नऊ वर्षांपूर्वी मीही तेच केले असते.

मामांना योगीराजने हात धरून आत आणले. ढोल त्यांनी आणला नव्हता, बोटे आता वळत नाहीत म्हणाले. ते देवासमोर फरशीवर बसले आणि म्हणाले, "गार लागायलीय रं ही फरशी. देवाला बी लागत आसंल." योगीराज हसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, संभाजीनगरला मी येतो संगट."

मी पूजा केली. वाकलो तेव्हा पिशवी मांडीला लागली. भंडारा उधळताना निम्मा माझ्याच पोटावर पडला, पिशवीवर पडला. मी तो पुसला नाही. काही झाले नाही. देव कोपला नाही, आणि भीतीही गेली नाही. भीती जशी होती तशीच माझ्याबरोबर गाभाऱ्यात आली आणि माझ्याबरोबर बाहेर आली.

आज सोमवारी सकाळी साडेनऊला मी अंगणात उभा राहून दवाखान्याला स्वतः फोन लावला. तोंड इतके कोरडे होते की नाव सांगायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"गडदे दादा," रोहिणी सिस्टर म्हणाल्या, "घाबरून फोन उचलत नव्हता ना?"

"व्हय."

"आता?"

"आता बी घाबरलोच हाय. पर येतो."

"पिशवी कायमची राहणार, हे डॉक्टरांनी नीट सांगितलंय ना? तशी सही द्यावी लागेल."

"सांगितलंय. बसवा. सही देतो."

बुधवारी सेलूहून गाडीने निघायचे आणि गुरुवारी दाखल व्हायचे आहे. ऑपरेशनला मी हो म्हणालो आहे. माझ्या तोंडाने म्हणालो आहे आणि समोर शालू उभी होती.

मी परत आलो तर हा कागद पेटीत राहील. नाही आलो तर वरील पाच कलमांप्रमाणे सिद्धोधनने पुढचे सगळे पार पाडावे. दोन्ही साक्षीदारांना हा कागद पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला आहे, त्यांच्या देखत मी सही केली आहे आणि माझ्या देखत त्यांनी.

बिरू लिंबाजी गडदे (सही)

साक्षीदार
१. रंगनाथ सखाराम मारकड, वय ७२, राहणार वालूर (सही)
२. सिद्धोधन किसन वाव्हळे, वय ४९, राहणार वालूर (सही)

ठिकाण: वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी
दिनांक: २० जानेवारी २०२५, सोमवार